परसातलं अ‍ॅक्वापोनिक्स : आधी पाणी, मग पाइप, मासे शेवटी

एकाच पाण्यावर मासेही वाढवायचे आणि पालेभाजीही, या कल्पनेने अनेकांना भुरळ घातली आहे. त्याबद्दल येणारे प्रश्न मात्र जवळपास ठरलेले असतात. कोणते मासे आणू? पंप किती वॉटचा घेऊ? गच्चीवर चालेल का? आणि सगळ्यांत जास्त वेळा विचारला जाणारा : ‘मासे आठवड्यात मेले, काय चुकलं?’ बहुतेकदा चुकतो तो क्रम. आधी मासे येतात, मग टाकी, मग प्लंबर आणि शेवटी विचार. छत्रपती संभाजीनगरात तर हा क्रम हमखास अंगाशी येतो, कारण इथे नळाला रोज पाणी येत नाही, वीज कधी जाईल याचा नेम नसतो आणि मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो.

तत्त्व सोपं आहे. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया पाण्यात उतरतो. खडीवर वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट झाडं खातात आणि स्वच्छ झालेलं पाणी माशांकडे परततं. निर्णय घ्यायला एवढी शास्त्रीय माहिती पुरेशी आहे.

आणि नियम एकच : वीज गेली, पाइप निसटला, पंप जळाला, काहीही झालं तरी माशांच्या टाकीतलं पाणी टाकीतच राहिलं पाहिजे. पुढची सगळी मांडणी या नियमातून येते.

खरेदीआधी तीन गोष्टी तपासा

पाणी. खाली दिलेल्या मांडणीत साधारण हजार लिटर पाणी फिरतं. त्यातलं रोज एक ते तीन टक्के, म्हणजे १० ते ३० लिटर, बाष्पीभवनात आणि झाडांत जातं. उन्हाळ्यात ४० लिटर धरा. तुमच्या वॉर्डात नळाला आठ दिवसांनी पाणी येत असेल, तर फक्त भरपाईसाठी ३०० लिटरचा वेगळा साठा हवा. हा साठा म्हणजे घरच्या पिण्याच्या पाण्यातला वाटा नव्हे. तो निघत नसेल तर टाकी निम्म्या आकाराची करा.

- नळाच्या आणि टँकरच्या पाण्यात क्लोरीन किंवा टीसीएल पावडर असते. ती माशांनाही मारते आणि जिवाणूंनाही. पाणी उघड्या पिंपात दोन दिवस ठेवा, शक्यतो हवेचा पंप लावून. घाई असेल तर माशांच्या दुकानात क्लोरीन काढण्याचं औषध मिळतं.
- बोअरचं पाणी आपल्याकडे बहुधा जड असतं. ते चालतं, पण बाष्पीभवनाने क्षार साचत जातात. पावसाळ्यात पत्र्यावरचं किंवा गच्चीवरचं पाणी धरून त्यात मिसळलं तर हा त्रास बराच कमी होतो. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी मात्र सोडून द्या.
- आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी वापरू नका, त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात. एसीतून ठिबकणारं पाणीही नको, कारण आतल्या नळ्या तांब्याच्या असू शकतात.

वीज. ५० वॉटचा पंप चोवीस तास चालला तर महिन्याला साधारण ३६ युनिट जळतात, दहा वॉटच्या हवेच्या पंपाला सात. घरात इन्व्हर्टर असेल तर निदान हवेचा पंप त्यावर घ्या. नसेल तर वीज जाताच आपोआप सुरू होणारा बॅटरीचा हवापंप मिळतो, तो माशांच्या आधी विकत घ्या. पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी मावतो, त्यामुळे मे महिन्यातला दोन तासांचा खंड डिसेंबरातल्या खंडापेक्षा कितीतरी महाग पडतो.

जागा. गच्चीबद्दल विचारणाऱ्यांना स्पष्ट सांगायचं तर : नको. हजार लिटरची भरलेली टाकी म्हणजे एक टन वजन, तेही जेमतेम सव्वा चौरस मीटरवर. घराचा स्लॅब सर्वसाधारणपणे चौरस मीटरला दीडशे-दोनशे किलो चल भार धरून बांधलेला असतो. खडीचे वाफे तर आणखी जड. जमिनीवर जागा नसेल तर २०० लिटरच्या एका पिंपावर हौस भागवा आणि तेही तुळईजवळ, इंजिनिअरला विचारून.

परसात जागा निवडताना सकाळचं ऊन आणि दुपारची सावली बघा. झाडाखाली नको, पालापाचोळा पाण्यात पडून कुजतो.

टाक्या : भंगारात काय बघाल

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या औद्योगिक वसाहतींमुळे लोखंडी पिंजऱ्यातल्या हजार लिटरच्या पांढऱ्या टाक्या, ज्यांना व्यापारी ‘आयबीसी’ म्हणतात, भंगारवाल्यांकडे सहज मिळतात. आधी त्यात काय होतं, हा एकच प्रश्न महत्त्वाचा आहे. ग्लुकोज, खाद्यतेल, सरबताचा अर्क असलं काही असेल तर घ्या. रसायन, रंग, कीटकनाशक, कटिंग ऑइल असेल तर फुकट मिळाली तरी नको. लेबल खरवडून काढलेलं असेल आणि झाकण उघडताच उग्र वास आला तर पुढे बोलणंच नको. ‘धुऊन देतो’ या शब्दावर जाऊ नका, प्लास्टिकमध्ये मुरलेलं रसायन धुऊन निघत नाही.

अशा दोन टाक्यांत अख्खी मांडणी होते. दोन्हींचा वरचा ३५ सेंटिमीटरचा भाग ग्राइंडरने कापा आणि उलटा करा, हे झाले भाजीचे दोन वाफे. खाली उरलेला एक भाग माशांची टाकी होतो. दुसरा खाली जमिनीत पुरायचा, त्यात सगळं पाणी परत येतं आणि पंपही तिथेच बसतो. त्याला संप म्हणू.

- संप : खड्ड्यात, पण काठ जमिनीच्या दहा-पंधरा सेंटिमीटर वर, नाहीतर पावसात अंगणातलं पाणी आत शिरेल. घरात लहान मूल असेल तर त्यावर कुलपाची जाळी लावा. ही सूचना पर्यायी समजू नका.
- वाफे : काँक्रीटच्या ब्लॉकवर, तळ जमिनीपासून ४५ सेंटिमीटर. ओल्या खडीसकट एकेक वाफा सहाशे किलोंच्या घरात जातो, त्यामुळे चारही कोपऱ्यांसोबत मध्येही टेकू हवा.
- माशांची टाकी : तिच्या पॅलेटसकट ४५ सेंटिमीटरच्या ओट्यावर. पाणी तळापासून ५५ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे पावणेसहाशे लिटर. पाण्याची पातळी वाफ्याच्या काठापेक्षा वर येते आणि तीच आपल्याला हवी आहे.

टाक्यांना बाहेरून गडद रंग द्या किंवा गोणपाट गुंडाळा. पांढऱ्या प्लास्टिकमधून ऊन आत गेलं की पंधरा दिवसांत पाणी हिरवं होतं.

पाइपांची जोडणी

उताराच्या जोरावर पाणी खेळवणाऱ्या नहरी या गावात मलिक अंबराच्या काळापासून आहेत आणि पाणचक्कीच्या हौदात मासेही आहेत. आपण त्यातलं तत्त्व तेवढं घ्यायचं : पाणी एकदाच वर चढवा, बाकी सगळं उतारावर सोडा. संपातून पंप पाणी माशांच्या टाकीत टाकतो, टाकी भरून वाहते, ते पाणी वाफ्यांत जातं आणि वाफे संपात रिकामे होतात. एकच पंप, आणि तो संपात. पंप माशांच्या टाकीत ठेवू नका. तिथून पाइप निसटला तर पंप इमानेइतबारे मासे कोरड्यावर आणतो.

१. चढती लाइन. एक इंची पीव्हीसी पाइप. पंपाजवळ एक युनियन आणि एक बॉल व्हॉल्व्ह लावा, म्हणजे पंप धुवायला काढताना करवत शोधावी लागत नाही. पाइपचं तोंड माशांच्या पाण्याच्या वर सुटलं पाहिजे. ते पाण्यात बुडालेलं असेल तर वीज जाताच उलटा सायफन लागतो आणि टाकी संपात रिकामी होते. चढत्या लाइनला टी आणि व्हॉल्व्ह टाकून थोडं पाणी संपातच परत सोडा. प्रवाह कमी-जास्त करायला हाच व्हॉल्व्ह वापरायचा, शिवाय पाण्यात हवाही मिसळते.

पंप घेताना खोक्यावरच्या लिटरच्या आकड्याला भुलू नका, तो पाणी अजिबात वर न चढवता मोजलेला असतो. आपल्याला दीड ते दोन मीटर उंचीवर तासाला हजार लिटर हवेत. खोक्यामागचा तक्ता बघा. तक्ताच नसेल तर तो पंप परत ठेवा. कुलरचा पंप हंगामापुरता असतो, वर्षभर दिवसरात्र चालवायला तो घेऊ नका.

२. माशांच्या टाकीची सांड. दोन इंची पाइप. टाकीच्या भिंतीला ५५ सेंटिमीटरवर होल सॉने भोक पाडून टँक नीपल बसवा. आतल्या बाजूला टी लावा : खालचा पाइप तळापासून चार-पाच सेंटिमीटरवर थांबेल, म्हणजे तळाची घाण उचलली जाईल, आणि टीचं वरचं तोंड उघडं. हे वरचं तोंड बंद करू नका. तिथून हवा गेली नाही तर सांडीचाच सायफन होतो आणि टाकी तळापर्यंत ओढली जाते. ‘रात्रीत पाणी कुठे गेलं’ या तक्रारीत पहिला संशय इथेच घ्या. खालच्या तोंडाला जाळी लावा.

या भोकाच्या पाच सेंटिमीटर वर दुसरं दोन इंची भोक पाडून ते थेट संपात सोडा. पहिल्या पाइपात काही अडकलं तर हा दुसरा रस्ता.

३. वाफ्यांकडे. सांडीला टी लावून दोन एक इंची फाटे काढा, प्रत्येकाला स्वतंत्र बॉल व्हॉल्व्ह. उतारावरच्या पाइपांना दाब नसतो, तेव्हा काटकोनी एल्बो जितके कमी तितकं बरं.

४. वाफ्याचा निचरा : बेल सायफन. वाफ्याच्या तळाला टँक नीपल, त्यावर एक इंची उभा पाइप, २३ ते २५ सेंटिमीटर उंच. त्यावर अडीच इंची पाइपचा तुकडा, वरून टोपण घट्ट, खालच्या कडेला दाते कापलेले. या दोहोंभोवती चार इंची भोकांचा पाइप, खडी आत येऊ नये म्हणून. पाणी उभ्या पाइपच्या तोंडापर्यंत चढलं की सायफन लागतो आणि वाफा भराभर रिकामा होतो. खाली हवा शिरली की तुटतो आणि वाफा पुन्हा भरू लागतो. वरची पाच सेंटिमीटर खडी कायम कोरडी राहते, त्यामुळे खोडं कुजत नाहीत, शेवाळ धरत नाही.

सायफन बिघडतो तो दोनच प्रकारे.

- *लागतच नाही, नुसतं झिरपत राहतं* : प्रवाह कमी आहे. व्हॉल्व्ह थोडा उघडा. तरी नाही लागला तर वाफ्याखालच्या पाइपला दोन एल्बो जोडून पाण्याला वळण द्या.
- *लागतो, पण तुटत नाही* : प्रवाह जास्त आहे, तो कमी करा. किंवा टोपणातून एक बारीक नळी काढून तिचं दुसरं तोंड दात्यांच्या पातळीला आणा, म्हणजे हवा वेळेवर शिरेल.

दर वाफ्याला तासाला २०० ते ५०० लिटर या टप्प्यात कुठेतरी तो जमून जातो. जमलाच नाही तर सोपी वाट आहे : टोपण काढून टाका, उभ्या पाइपच्या बुडाशी दोन बारीक भोकं पाडा आणि पंपाला टायमर लावून तासातली पंधरा मिनिटं चालवा. मग मात्र पंप बंद असताना माशांना हवा द्यायला हवेचा पंप सक्तीचा.

प्लंबरला आधीच सांगून ठेवा

घरकामात चांगले मुरलेले प्लंबर सवयीने काही गोष्टी करतात, त्या इथे चालत नाहीत.

- पितळी नीपल, तांब्याचा तुकडा, जीआय पाइप काहीही नको. तांबं आणि जस्त माशांना विषारी आहे. व्हॉल्व्हही प्लास्टिकचेच.
- आट्यांवर सफेदा आणि धागा नको, फक्त टेफ्लॉन टेप.
- सोल्युशन फक्त दाबाच्या लाइनला. उतारावरचे सांधे नुसते घट्ट बसवा, पुढे खोलून धुवावे लागतात. सोल्युशन लावलेली लाइन एक दिवस वाळू द्या, मग पाणी फिरवून ते पहिलं पाणी फेकून द्या.
- वीजजोडणीला अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. ओल्या अंगणात हात संपात घालायचा आहे, इथे पैसे वाचवू नका.

खडी

काळ्या पाषाणाची पाऊण इंची खडी आपल्याकडे हाताशी आहे आणि या कामाला ती उत्तम. महागड्या मातीच्या गोळ्यांची गरज नाही. दोन वाफ्यांना पाव ब्रासपेक्षा थोडी कमी लागते. क्रशरची कच धुऊन काढा, पाणी नितळ येईपर्यंत. यात एक अख्खा दिवस जातो. खडीत पांढरट खडे दिसले तर त्यांवर व्हिनेगर टाका. फसफसले तर चुनखडी आहे, ती पाण्याचा पीएच चढाच ठेवते.

मासे आणण्याआधी

साध्या पाण्यावर दोन दिवस चालवा आणि मुद्दाम बिघाड करून बघा. पंप बंद करा : संप भरून वाहता कामा नये. (दोन्ही वाफ्यांत मिळून सव्वादोनशे लिटरच्या आसपास पाणी असतं, तेवढी रिकामी जागा संपात कायम हवी.) चढता पाइप काढून अंगणात सोडा : संप रिकामा होईल, पण माशांच्या टाकीची पातळी हलता कामा नये. ती हलली तर पुढे जाऊ नका.

मग जिवाणूंची वाट बघा. रोज चिमूटभर माशांचं खाद्य पाण्यात कुजू द्या. ओळखीच्या कोणाचा जुना, निरोगी फिशटँक असेल तर त्याच्या फिल्टरचा स्पंज आणून खडीत पिळा. चार ते सहा आठवडे लागतात. थेंबांच्या चाचणी संचावर आधी अमोनिया चढतो, मग नायट्राइट, मग दोन्ही शून्याकडे येतात आणि नायट्रेट दिसू लागतं. मासे तेव्हा आणायचे. ‘पाणी तर स्वच्छ दिसतंय’ हा पुरावा नव्हे, अमोनिया दिसत नाही.

कोणते मासे, किती

एवढ्या टाकीत जास्तीत जास्त दहा किलो, म्हणजे अर्ध्या किलोचे वीस मासे. पहिल्या वर्षी बारा-पंधराच घ्या.

रूपचंद आणि सायप्रिनस लहान टाकीला जुळवून घेतात. थंडीत रूपचंद खाणं कमी करतो, तेव्हा खाद्यही कमी करा. पंगस वर येऊन हवा घेऊ शकतो, त्यामुळे वीज जाणाऱ्या भागात तो सोयीचा, पण बिचकला की उड्या मारतो, टाकीवर जाळी हवी. रोहू, कटला तळ्यातले मासे, या टाकीत त्यांचे हाल करू नका. घर शाकाहारी असेल तर कोई किंवा गोल्डफिश ठेवा. भाजीला मासा कुठला याने फरक पडत नाही.

आफ्रिकन मांगूर, जो बाजारात ‘थाई मांगूर’ म्हणूनही येतो, पाळायला देशात बंदी आहे. स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. तिलापियाला, म्हणजे आपल्या चिलापीला, मत्स्यव्यवसाय विभागाची परवानगी लागते, ती नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. कोणताही पाळीव मासा हर्सूल तलावात किंवा नाल्यात सोडू नका. संपात मात्र चार गप्पी मासे जरूर सोडा, डासांच्या अळ्या तेच खातात.

खाद्य तरंगणारं घ्या. दोन चौरस मीटर पालेभाजीला दिवसाला ८० ते १०० ग्रॅम ही वरची मर्यादा, ती मासे मोठे झाल्यावर. अर्ध्या तासात न संपलेलं खाद्य काढून टाका.

भाजी आणि तिची दुखणी

पालक, चुका, अंबाडी, पुदिना, अळू, कोथिंबीर यांनी सुरुवात करा. अळू तर या पाण्यात बघत राहावं असा येतो. टोमॅटो, मिरची, वांगी सहा महिन्यांनंतर. मुळा, गाजर नको.

कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या राहिल्या तर लोह कमी आहे. कृषी सेवा केंद्रातून चिलेटेड लोह आणा, डीटीपीए प्रकारचं. हजार लिटरला २ ग्रॅम शुद्ध लोह पुरतं, म्हणजे डब्यावर ११ टक्के लिहिलं असेल तर अठरा ग्रॅम. साधा हिराकस जड पाण्यात गाळ होऊन बसतो.

फवारणी कोणतीही नको. यात दशपर्णी अर्क, तंबाखूचं पाणी आणि निंबोळीही आली. सेंद्रिय असलं तरी ते माशांच्या पाण्यात उतरतं. जीवामृत आणि गोमूत्रही नको : त्यातून अमोनिया वाढतो, शिवाय शेणातले जंतू कच्च्या खाण्याच्या पानांपर्यंत पोचतात. मावा पाण्याच्या फवाऱ्याने पाडा, पांढऱ्या माशीला पिवळे चिकट सापळे लावा.

उन्हाळ्यात ५० टक्क्यांचं शेडनेट, ओलं गोणपाट आणि कमी खाद्य. जमिनीतला संप इथे उपयोगी पडतो, फिरणारं पाणी तिथे थोडं निवतं.

परवानगी, बिल, अनुदान

- सोसायटीतली तळमजल्यावरची मोकळी जागा तुमच्या दारासमोर असली तरी ती सामाईक असू शकते. लेखी परवानगी घ्या. भाड्याच्या घरात घरमालकाची.
- पाणी लवकर भरावं म्हणून नळाला थेट मोटार लावू नका. तो गुन्हा आहे आणि मोटार जप्त होते.
- पंपाचं पक्कं बिल घ्या आणि गॅरंटी कार्डावर शिक्का. मुदतीत बिघडला आणि दुकानदार टाळू लागला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा. पुढे जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही. बिल नसेल तर हे सगळं अवघड होतं.
- २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातल्या छोट्या पुनर्चक्रीकरण युनिटसाठी ५० हजार रुपये खर्च धरलेला आहे. त्यावर सर्वसाधारण गटाला ४० टक्के, अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना ६० टक्के साहाय्य. खरेदीआधी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन चालू वर्षाचे निकष विचारा, बिलं जमवून नंतर जाऊ नका. भाजीच्या प्रश्नांसाठी पैठण रोडचं आणि गांधेलीचं अशी दोन कृषी विज्ञान केंद्रं जिल्ह्यात आहेत.

खर्च भाजीच्या बचतीतून भरून निघेल या हिशेबाने हे करू नका, मंडईतली जुडी नेहमीच स्वस्त पडेल. आणि फेब्रुवारी ते मे या काळात नवी सुरुवात टाळा. जुलैत टाक्या आणि पाइप जोडा, पावसाचं पाणी भरा, सप्टेंबरात मासे सोडा. पहिला उन्हाळा येईपर्यंत जिवाणूंना आणि तुम्हालाही सात-आठ महिन्यांचा सराव झालेला असेल.